भीड

काकीच्या पडवीत भाताच्या कणगीशेजारी जो खांब आहे, त्याला दर वर्षी एका कारखान्याचं कॅलेंडर लटकतं. पहिल्या पानावर खंड्या. कांदळाच्या फांदीवर बसलेला, चोचीत लखलखता मासा. फोटो खरंच सुरेख आहे. काढणारा तास-दोन तास चिखलात बसला असणार. खाली निळ्या अक्षरांत कारखान्याचं नाव, त्याखाली निसर्ग आणि प्रगती यांचं कसं छान जमतं हे सांगणारी एक ओळ. आणि तारखेच्या प्रत्येक चौकटीत बारीक आकड्यांत भरती-ओहोटीच्या वेळा.

या वेळा छापायचं ज्याला सुचलं तो माणूस हुशार. देवादिकांची कॅलेंडरं किराणावालाही देतो, पतपेढीही देते, त्यातली निम्मी शेगडी पेटवायला जातात. भरतीची वेळ सांगणारं कॅलेंडर खाडीकाठच्या वाडीत कोणी फेकत नाही. तशी काकीला त्या आकड्यांची गरज नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिला लहानपणापासून येतं. अष्टमी असली तर आठाची पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. छापलेली वेळ आणि तिची वेळ यांत थोडा फरक पडतो, तेव्हा ती म्हणते, "ता मुंबैचा आसल."

तरी कॅलेंडर लटकतं, कारण चौकटी मोठ्या आहेत आणि कागदावर पेन्सिल उमटते. गॅस कधी लावला, बचतगटाचा हप्ता कधी भरला, म्हैस कधी फळवली, सगळं त्यावर. त्यांच्यामध्ये अधूनमधून एक फुली. मी कितीतरी दिवस त्या फुल्या बघत होते. मला वाटायचं उपास-बिपास असेल.

"काकी, ही फुली कसली गो?"

"त्या दिशी पानी आला व्हता."

हे नळाचं पाणी नव्हे. डोंगराच्या अंगाने ओढ्यातून जे खाडीत उतरतं ते. कधी कोऱ्या चहासारखं, कधी वर फेस. कधी रंग काहीच नाही, नुसता वास, आणि कांदा चिरताना होते तशी डोळ्यांत चुरचुर. दुसऱ्या दिवशी काठाला बोयटं पांढरी पोटं वर करून पडलेली. फुलीच्या दिवशी काकी मुळे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, काढायला चिखलात उतरत नाही. तिचं आणखी एक निरीक्षण आहे. फुल्या पहिल्या जोरदार पावसाला हमखास पडतात, आणि भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत पडल्या तर वास चार-चार दिवस हलत नाही. उधाणाला समुद्र खाडी धुऊन नेतो. भांगाला पाणी नुसतं जागच्या जागी डुचमळतं, आलेली घाण तिथेच राहते. यासाठी काकीला कुठल्या अहवालाची गरज पडली नाही.

खाडीचं नाव मी लिहिलेलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातली आहे, एवढं पुरे. का लिहिलं नाही ते पुढे येईलच.

मी चिपळुणात राहते आणि भाषांतरं करते. खरेदीखतं, वारसाचे दाखले, वकिलांच्या नोटिसा, बँकांचे अर्ज. पोट भरतं, नाव होत नाही. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका सल्लागार कंपनीकडून काम आलं. त्याच कारखान्याचा सड्यावर विस्तार होणार होता, त्याच्या पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत करायचा होता. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे अशा बऱ्याच प्रकल्पांना मंजुरीआधी जनसुनावणी घ्यावी लागते. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, सारांश इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत उपलब्ध करायचा, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाचा माणूस हवा, सगळ्याचं चित्रीकरण हवं. किती लोक आले पाहिजेत याला मात्र खालची मर्यादा नाही. दोघे आले तरी सुनावणी झाली. अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराचे पैसे ज्याला परवानगी हवी आहे तोच देतो. यात चोरीछुपे काही नाही, पद्धतच तशी आहे. परीक्षेला बसलेल्या पोराच्या बापाने पेपर तपासणाऱ्याचा पगार द्यावा, तसं.

पानाला अडीचशे, बत्तीस पानं. त्या महिन्यात मला आठ हजार फार हवे होते.

पहिला मसुदा लाल होऊन परत आला. फोनवरचा मुलगा अतिशय सौजन्याचा, साताऱ्याकडचा. "ताई, 'दुर्गंधी' नको, जड होतं वाचायला. 'वास' घेऊ या." मी वास घेतला. दोन दिवसांनी वासही गेला, त्या जागी 'गंधविषयक तक्रारींचे निवारण' आलं. म्हणजे वास नाही, तक्रार आहे, आणि तिचं निवारणही झालेलं आहे. 'सांडपाणी' होतं तिथे 'प्रक्रियाकृत जल' झालं. 'सोडणे' बरं दिसेना, तर त्याला 'विसर्ग' हा शब्द मीच सुचवला. मला त्याचा आनंदही झाला होता, हे कबूल करते. किती स्वच्छ शब्द! धरणाच्या बातमीत शोभतो, व्याकरणात तर नुसते दोन टिंब. भाषेचं काम करणाऱ्याला आपण हातात धरलेली सुरी कशावर चालते आहे हे बघायची सवय नसते, ती धारेवरच खूश असते.

मग आला पाण्याच्या नमुन्यांचा तक्ता. पारा, शिसं, कॅडमियम, प्रत्येकासमोर तीनच अक्षरं: बीडीएल. म्हणजे ज्या यंत्राने मोजलं त्या यंत्राला पकडता येईल त्याहून कमी. मी तसंच लिहिलं: 'यंत्राच्या मोजमाप-क्षमतेपेक्षा कमी'. ते रकान्यात मावेना. मुलगा म्हणाला, 'आढळले नाही' लिहू. तक्त्यात ते मावलं. तक्त्याखालच्या परिच्छेदात त्याचं 'जड धातू आढळले नाहीत' झालं, आणि सुनावणीच्या पडद्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत 'जड धातूंपासून मुक्त'. कांदे-बटाट्याच्या काट्यावर नथ ठेवली तर काटा हलत नाही. म्हणून नथ नाही असं कोणी म्हणत नाही, घरात तर मुळीच म्हणत नाही. इथे तीन पायऱ्यांत नथ नाहीशी झाली, आणि कुठल्याही एका पायरीवर कोणी धडधडीत खोटं बोललं नव्हतं. एका पायरीवर मी उभी होते.

बाकीचे आकडे खरे होते, असं मी आजही धरून चालते. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी नियमातली मर्यादा आहे: लिटरमागे बीओडी ३० मिलिग्रॅम, सीओडी २५० मिलिग्रॅम. पाण्यातली घाण किती प्राणवायू खाते ते सांगणारी ही दोन मापं. तक्त्यातले आकडे तिच्या आत होते. पण मर्यादा लिटरमागे आहे. किती लिटर, किती वाजता, दिवसा की रात्री, उधाणाला की भांगाला, यासाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता. तो रकाना काकीच्या पडवीत होता.

काम संपल्यावर तो मुलगा आणि त्याचा साहेब चिपळूणला आले, आणि जेवायला कुठे जावं असं मला विचारलं. मी एक खानावळ सांगितली, खाडीतली काळुंद्रं तिथे फार छान करतात म्हटलं. मुलगा क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, "खाडीतलं नको ताई. समुद्रातलं काही मिळेल का?"

सुनावणी सड्यावर, कातळावर मांडव घालून झाली. हिरवं कार्पेट, बाटलीबंद पाणी, बटाटेवडा, मागे पोलिसांची गाडी. आधी फिल्म दाखवली: वरून उडत्या कॅमेऱ्याने टिपलेली खाडी, मग नवं दप्तर पाठीला लावलेली एक चिमुरडी, मग रोपाला पाणी घालणारे कुणी साहेब. (ती रोपं कातळात ब्रेकरने खड्डे मारून लावली होती. ज्या कातळावर तीन महिने गवत आणि नऊ महिने ऊन याशिवाय काही टिकत नाही, तिथे दर ५ जूनला झाडं लागतात. खड्डे तेच असतात, झाडं दर वर्षी नवी.)

मग लोकांना बोलायला सांगितलं. सरपंचांनी रुग्णवाहिकेबद्दल आभार मानले. क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षाने चषकाबद्दल मानले. एका तरुणाने नोकऱ्या किती आणि स्थानिकांना किती हे विचारलं, चांगलं खडसावून विचारलं. मग भोईवाडीतला एक दादा उठला. माईक हातात धरायची सवय नाही, तो त्याने हनुवटीला टेकवला. म्हणाला, माशाला राकेलचा वास येतो, आणलेला मासा बाजारात बाया हुंगून परत टाकतात. साहेबांनी शांतपणे विचारलं, "कधी येतो? तारीख सांगू शकाल?" दादा म्हणाला, "कदी कदी येतो." मांडवात कुणीतरी हसलं. दादा खाली बसला.

इतिवृत्त नंतर मराठीतच निघालं. मी ते वाचलं. त्यात लिहिलं होतं: 'मत्स्यव्यवसायावरील संभाव्य परिणामाबाबत एका ग्रामस्थाने शंका उपस्थित केली.'

काकी बायकांच्या रांगेत बसली होती, माझ्यापासून चार खुर्च्यांवर. तारखा तिच्याकडे होत्या. वर्षभराच्या, तिथीसकट. मी तिच्याकडे बघत होते, ती खंड्याचं चित्र असलेल्या कापडी पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. परत येताना वडापमध्ये मी तिला विचारलं, तू का नाही उठलीस?

"ह्येंच्याच क्यालेंडरावर लिवलाय, बाय. ताच न्हेऊन त्येंना दाकवायचा? बरा दिसता काय ता?"

मी तेव्हा हसले होते. गाडीतल्या सगळ्याच हसल्या होत्या.

पण त्या 'शंका' शब्दाने मला धरलं. दादाला शंका नव्हती. त्याच्या नाकाला, त्याच्या गिऱ्हाइकाच्या नाकाला खात्री होती. ती खात्री कागदावर उतरताना शंका झाली. हे भाषांतर माझ्याहून सराईत माणसाने केलं होतं. शंका हा शब्द या धंद्यात किती जुना आहे, हे मला नंतर वाचताना कळलं.

डिसेंबर १९५३. सिगारेटच्या धुरातलं डांबर उंदरांच्या पाठीवर लावलं तर तिथे कॅन्सरच्या गाठी येतात, हे दाखवणारा शोधनिबंध अमेरिकेत नुकताच छापून आला होता. सिगारेट कंपन्यांचे प्रमुख, एरवी एकमेकांचे गळे धरणारे, न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एकत्र बसले आणि त्यांनी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेला बोलावलं. सल्ला असा निघाला की विज्ञानाशी भांडायचं नाही, आपणच विज्ञानाचे आश्रयदाते व्हायचं. ४ जानेवारी १९५४ ला चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत पानभर निवेदन झळकलं: लोकांचं आरोग्य आम्हाला धंद्याच्या वर आहे, आम्ही संशोधनाला पैसा देऊ, तज्ज्ञांची समिती नेमू. आणखी संशोधन व्हायला हवं, हे वाक्य कोण नाकारणार? त्या वाक्यावर त्यांनी पुढची कित्येक वर्षं काढली. १९६९ साली त्यांतल्याच एका कंपनीच्या अंतर्गत कागदावर कुणीतरी सरळ लिहून ठेवलं: शंका हाच आपला माल आहे.

त्याच्याही आधीची गोष्ट शिशाची. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं की इंजिन ठोकत नाही, हा शोध लागला, माल विकायला आला, तेव्हा नाव ठेवलं 'ईथाइल'. शिसं विषारी असतं हे जगाला दोन हजार वर्षांपासून माहीत होतं, म्हणून नावात शिसं ठेवलंच नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन पाच जण मेले. महिनाअखेरीस संशोधक थॉमस मिज्ली याने पत्रकारांना बोलावून त्यांच्यासमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतलं, बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली. बघा, काही होत नाही. आदल्याच वर्षी त्याला स्वतःला शिशाची बाधा होऊन तो फ्लोरिडाला विश्रांतीला गेला होता, हे त्याने त्या दिवशी सांगितलं नाही. पुढच्या वर्षीच्या सरकारी परिषदेत उद्योगाच्या प्रतिनिधीने या मालाला देवाची देणगी म्हटलं. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल देशभर बंद व्हायला २००० साल उजाडलं, आणि जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. माझं सगळं लहानपण एसटीच्या आणि ट्रकच्या मागे गेलं, पण एसटी डिझेलची. मामाची जुनी राजदूत मात्र पेट्रोलची होती. टाकीला नाक लावून तो वास घ्यायला आम्हा पोरांना फार आवडायचं.

नावातून वस्तू गाळायची ही युक्ती आपल्या पडवीतही आहे. काकीच्या गोठ्यावर कौलं होती, माकडांनी ती फोडली, तेव्हा माझ्या चुलतभावाने 'सिमेंटचे पत्रे' आणले. कोकणात गावोगाव हेच झालं. कौलं उतरली, पत्रे चढले. सिमेंटचा पत्रा! जसं काही त्यात सिमेंटच आहे. आतला धागा अ‍ॅस्बेस्टॉसचा. त्याच्या सगळ्या प्रकारांनी, पांढऱ्यानेसुद्धा, माणसाला कॅन्सर होतो, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निर्वाळा आहे. साठाहून अधिक देशांत त्याच्यावर बंदी आहे. आपल्याकडे तो बाहेरून येतो आणि पत्रा होऊन गोठ्यावर बसतो. १९३५ साली अमेरिकेतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कंपनीचा अध्यक्ष, सम्नर सिम्प्सन, याने पत्रात लिहिलं होतं की या विषयावर जितकं कमी बोललं जाईल तितकं आपल्या भल्याचं. आमच्या गोठ्यावर तर कोणी काही बोललंच नाही. भावाने भर दुपारी, तोंडाला काही न बांधता, पत्र्यांना ड्रिलने भोकं पाडली. भुगा उडत होता आणि खाली काकी त्याला लिंबाचं सरबत देत होती.

आणि आंब्यावर फवारतो ते 'औषध'. हा शब्द आम्हाला कोणी शिकवला ते मला ठाऊक नाही, पण ज्याने शिकवला त्याला पुढे फार जाहिरात करावी लागली नसेल. केरळात कासारगोडला काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक पडलं, २०११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचं उत्पादन आणि वापर देशभर थांबवला. त्या बातमीच्या दिवशीही आमच्या वाडीत 'औषध मारायला' माणूस मिळतो का, याचीच चौकशी चालली होती.

कोकणाने मोठा जनसंपर्कही बघितला आहे. गुहागरजवळ अंजनवेलला एन्रॉनचा वीजप्रकल्प आला. १९९५ च्या जानेवारीत कंपनीच्या एक उपाध्यक्ष अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे म्हणाल्या की भारतात आम्ही 'शिक्षणा'वर आणि प्रकल्प घडवण्यावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले, आणि त्यात प्रत्यक्ष प्रकल्पाचा खर्च धरलेला नाही. तेव्हाच्या भावाने साठ-बासष्ट कोटी रुपये. कोणाचं शिक्षण झालं, कोणत्या विषयाचं, हा वाद महाराष्ट्रात खूप रंगला. त्याच वर्षी निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायची भाषा झाली, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, पुढच्या वर्षी वाटाघाटी होऊन तो पाण्याबाहेर आला. वेलदूरच्या कोळणी मात्र शिकल्या नाहीत. १९९७ मध्ये पोलिसांनी त्यांना घरांतून ओढून काढलं, हे १९९९ च्या ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालात नोंदलेलं आहे. कंपनी २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेत दिवाळखोरीत गेली.

हे सगळं वाचून झाल्यावर मला वाटायला लागलं की आमच्या खाडीवरच्या कारखान्याला यातलं काहीच लागलेलं नाही. पानभर निवेदन नाही, तज्ज्ञांची समिती नाही, दोन कोटी डॉलर तर नाहीतच. माणसाच्या मनात शंका पेरायला खर्च येतो. भीड पेरायला कॅलेंडर पुरतं.

कोकणी माणूस भित्रा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. हातभर बांधासाठी, एका फणसाच्या झाडासाठी सख्ख्या भावाला हायकोर्टापर्यंत नेणारी आमची जात. खोटा दाखला दिला तर तलाठ्याला ओटीवर उभा करून झाडतील. पण जो दारात आला, माठातलं पाणी प्यायला, शिमग्याला पालखीच्या मांडवाची पावती फाडून गेला, त्याच्या तोंडावर वाईट कसं बोलायचं? त्याला आपण लाच म्हणत नाही, ती लाच नव्हेच. कॅलेंडरासाठी कोणी विकलं जात नाही. नुसती जीभ जरा जड होते. सुनावणीत उठायचं तर आधी आभार मानावे लागतात, आणि आभार मानून झाले की पुढचं वाक्य आपोआप नरम येतं. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण आमच्याकडे ती सोयरिकीची बहीण आहे, घरात मान आहे तिला.

गंमत अशी की ज्याचे आभार मानले, त्यातलं बरंचसं देणं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता किमान ५०० कोटींची, किंवा उलाढाल १,००० कोटींची, किंवा निव्वळ नफा ५ कोटींचा, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे आहेत, आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं आहे. म्हणजे शाळेची टाकी, दप्तरं, रुग्णवाहिका ही बहुतेक वेळा कायद्याने ठरलेली बाब असते. येताना ती फीत, नारळ आणि फोटोग्राफर घेऊन येते. घरपट्टी भरणाऱ्याचा सत्कार केल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

एका वर्षी आरोग्य शिबिर झालं. वाडीतल्या निम्म्या माणसांच्या पायांना खाज, पोटऱ्यांवर चट्टे. चिखलात उतरणाऱ्यांना जास्त. डॉक्टर तरुण होता, आपुलकीने तपासत होता. मलमाची ट्यूब दिली आणि कार्डावर 'पाण्यात काम' आणि 'स्वच्छता राखावी' असं लिहिलं. कुठलं पाणी, हे त्याने विचारलं नाही. त्याला विचारायला सांगितलेलं नव्हतं. काकीचे डोळे तपासून चष्मा मिळाला. चष्मा घातल्यावर तिने पहिल्यांदा समोरच्या डोंगरावरची कारखान्याची चिमणी बघितली आणि म्हणाली, "येवडी उच हाय?"

त्याचा फोटो पुढच्या कॅलेंडरात आला. ऑगस्टच्या पानावर काकी, नवा चष्मा, दात नसलेलं मोकळं हसू, मागे हिरवा बॅनर. वाडीभर कौतुक झालं. फुल्या तिने त्याही पानावर मारल्या, स्वतःच्या हसऱ्या तोंडाखाली, चार. चष्म्यामुळे आता त्या चौकटीच्या बरोबर मधोमध पडतात.

यानंतर मी तसलं काम घेतलं नाही, असं लिहायला आवडलं असतं. दोनदा घेतलं. 'आढळले नाही' आता मी लिहीत नाही, 'मोजमाप-क्षमतेपेक्षा कमी' असंच ठेवते आणि रकाना मोठा करून देते. दुसऱ्या वेळेस त्यांनी तो परत लहान केला. तिसऱ्यांदा फोन आलेला नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर वाडीतली पोरं माझ्याकडे आली. दोघे मुंबईला नोकरीला, एक इथेच गॅरेज चालवतो. पुण्याच्या हरित लवादात अर्ज करायचं म्हणतात. वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, तारखा आहेत का? नुकसानभरपाई मागायची तर पाच वर्षांच्या आतलं हवं; नुसता वाद मांडायचा तर मुदत सहाच महिने. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मी म्हटलं, तारखा आहेत.

रविवारी मी काकीकडे गेले. ती जुनी कॅलेंडरं फेकत नाही; भाताच्या कणगीत तळाला घालते, उंदराने पोखरलं तर कागद आधी कळतो म्हणून. पाच वर्षांची निघाली. भाताचा कोंडा झटकून आम्ही ती पडवीत उन्हाला पसरली. मोबाइलने एकेका पानाचा फोटो काढायचा होता. काकीला सगळं समजावून सांगितलं: कोर्टात द्यायचे आहेत, तुझं नाव घालायचं की नाही ते तू ठरव. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून चष्मा घेऊन आली.

पहिलं पान मी सरळ करून धरलं, तर तिने पुढे होऊन खालच्या बाजूला आपला तळहात पालथा ठेवला. मला वाटलं वाऱ्याने उडतंय म्हणून. हात जरा बाजूला घे, म्हटलं.

"राव दे," काकी म्हणाली. "त्येंचा नाव फोटूत नको. बरा नाय दिसत."

साठ पानं होती. प्रत्येक पानावर फुल्या, तिथ्या, गॅसच्या तारखा, आणि खाली निळ्या अक्षरांवर तिचा चिखलाने भेगाळलेला तळहात. ऑगस्टच्या त्या पानावरही तिने नावच झाकलं, स्वतःचा फोटो झाकला नाही.